पिन म्हणजे खिळा नव्हे!

शिर्डीत दसरा म्हणजे साईबाबांची पुण्यतिथी; 15 ऑक्टोबर 1918 रोजी दसराच होता. आसपासच्या गावांत त्याच दिवशी शस्त्रपूजनही होतं आणि एखाद्या जुन्या वाड्यातली ठासणीची बंदूक बाहेर निघते. पुसताना दस्त्याच्या कडेला लोखंडाचा ठिपका दिसतो आणि कुणीतरी हमखास सांगतं, "खिळा आहे, पकडीनं उपटा."

अहो, तो खिळा नाही! खिळ्याला डोकं असतं आणि तो एका बाजूनं घुसून लाकडातच थांबतो. ही पिन दस्त्यातून आरपार जाते आणि वाटेत नळीच्या तळाशी बसवलेल्या लोखंडी कानातून ओवलेली असते. नळी लाकडाला धरून ठेवायची, एवढंच तिचं काम. डोकं नाही, आटे नाहीत, सरसही नाही. ती टिकते निव्वळ घट्टपणावर. पकडीला धरायला काही सापडत नाही, म्हणून उत्साही मंडळी भोवतीचं लाकूड कोरत बसतात आणि दोनशे वर्षं टिकलेला दस्ता एका दुपारी वाया घालवतात.

पिन ओढायची नसते, ढकलायची असते. जाणता कारागीर आधी ठासणीचा गज आणि नळीच्या शेपटीचा स्क्रू काढतो. मग सपाट टोकाचा, पिनेपेक्षा किंचित बारीक पंच आणि हलकी हातोडी घेतो. पलीकडून भोक पाडलेल्या ठोकळ्याचा आधार देतो, नाहीतर बाहेर पडताना पिन लाकडाची ढलपी उडवते. काढलेल्या पिना तो क्रमानं पुठ्ठ्यात खोचतो, कारण जी पिन ज्या भोकातली, ती तिथेच परत बसवायची असते.

सगळ्याच बंदुकांना पिना असतात? नाही. 12 ऑगस्ट 1803 रोजी अहमदनगरचा किल्ला घेणाऱ्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पायदळाच्या बंदुका पिनांच्या; फ्रेंच लष्करी बंदुकांना धातूची कडी; देशी तोड्याच्या बंदुकांची नळी बहुधा वादीनं किंवा तारेनं बांधलेली.

तेल ओतलं की पिन सुटते? तेल लाकडात मुरतं आणि डाग कायमचा राहतो.

पिनेभोवतीचं काळं कडं म्हणजे कूज? बहुतेक वेळा नाही. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो संयोग.

जुनी म्हणून परवाना नको? शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मधली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे.

आणि नळी रिकामीच असेल, हे गृहीत धरू नका. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. परवानाधारक कारागिरानं नळी तपासेपर्यंत हातोडीला हातही लावू नका.