लॅपटॉप पुसतो तेव्हा काय पुसले जाते?

शाळेत नवा लॅपटॉप आला, की पडद्यावर न मागितलेल्या गोष्टीही हजर असतात: थोड्या दिवसांपुरते फुकट चालणारे व्हायरसविरोधी प्रोग्रॅम, खेळ, जाहिराती. मग कोणी जाणकार सांगतो, ‘सगळं पुसा आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाका.’ सल्ला आम्हांलाही मान्य आहे. पण ‘सगळं’ म्हणजे किती?

लॅपटॉपची साठवण दोन जागी असते. एक मोठी डिस्क. दुसरी, मुख्य पट्टीवरची एक छोटी चिप. तिच्यात असतो फर्मवेअर नावाचा प्रोग्रॅम. बटण दाबताच प्रथम हाच जागा होतो, यंत्राचे भाग तपासतो आणि डिस्कवरील सुरुवातीचा प्रोग्रॅम शोधून कारभार त्याच्याकडे सोपवतो. विंडोज किंवा लिनक्स येते ते त्यानंतर. डिस्कचेही कप्पे पाडलेले असतात. त्यांतल्या एका कप्प्यात बहुधा निर्मात्याने मूळ स्थितीची प्रत ठेवलेली असते. ती वापरून लॅपटॉप ‘पूर्ववत’ केला, तर नको असलेला मालही पूर्ववत होतो! म्हणून पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून, डिस्कवरचे सारे कप्पे काढून टाकून, नव्याने मांडणी करायची. विंडोजसाठी निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो.

एवढा खटाटोप कशाला, नको ते प्रोग्रॅम काढून टाकले की झाले, असे वाटेल. २०१५ सालचे उदाहरण पाहू. लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम आधीच घातलेला होता. बँकेसारख्या संकेतस्थळाची ओळख संगणक प्रमाणपत्रावरून पटवतो. कोणाची प्रमाणपत्रे खरी मानायची, याची यादी त्याच्याजवळ असते. सुपरफिशने त्या यादीत स्वतःलाच घुसवले होते. भरीला त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. संशोधकांनी ती शोधून काढली. म्हणजे एखाद्या भामट्यालाही ती मिळवून बँकेचे खोटे संकेतस्थळ खरे म्हणून दाखवता आले असते. आणि प्रोग्रॅम काढून टाकला, तरी यादीतली नोंद तशीच राहत होती. डिस्क पुसून स्वच्छ प्रत टाकली, की नोंदही जात होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच कंपनीचे दुसरे प्रकरण पुढे आले. काही यंत्रांवर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकले, तरी कंपनीचा प्रोग्रॅम परत येत होता. तो डिस्कवर नव्हताच. फर्मवेअरच्या चिपमध्ये होता. सुरू होताना विंडोज स्वतःच चिपमध्ये डोकावते आणि तिथे निर्मात्याने ठेवलेला प्रोग्रॅम चालवते. ही सोय चोरीला गेलेले यंत्र शोधण्यासारख्या कामांसाठी ठेवलेली आहे. कंपनीला शेवटी तो भाग बंद करण्याचे साधन द्यावे लागले. तेव्हा डिस्क कोरी झाली म्हणजे यंत्र कोरे झाले, असे नव्हे. अर्थात चिप न पुसण्याचा फायदाही आहे. विंडोजसह विकलेल्या अलीकडच्या लॅपटॉपांत परवान्याचा क्रमांक तिथेच असतो, म्हणून तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यास तो विचारला जात नाही.

आता नव्या प्रतीविषयी. आमच्या छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्कीच्या हौदात पाणी येते ते दूरच्या डोंगराकडून, जमिनीखालच्या नळांतून. नळात गढूळ पाणी असेल, तर हौद घासून काय उपयोग? बाजारात कोणी हातावर ठेवलेला पेन ड्राइव्ह हे तसलेच पाणी. प्रत मूळ निर्मात्याकडूनच उतरवून घ्यावी आणि तिचा ठसा जुळवावा. ‘शा-२५६’ या गणिती रीतीने कोणत्याही फाइलचा, ती केवढीही असो, ६४ चिन्हांचा ठसा निघतो. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत तो काढण्याची सोय आहे. वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग: एका फाइलमध्ये एक वाक्य लिहून ठसा काढा, मग एकच अक्षर बदलून पुन्हा काढा. दोन्ही ठशांत साम्य दिसणार नाही. मात्र ताडून पाहण्याचा ठसा निर्मात्याच्याच संकेतस्थळावरचा हवा. भेसळ करणाराही स्वतःच्या प्रतीचा ठसा बिनचूक देऊ शकतो.

मांडणी चालू असताना वीज गेली, तर काम अर्धवट राहते. म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा. वायफायचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा.

शाळांना हमखास गोंधळात टाकणारी गोष्ट यानंतर घडते. जुन्या संगणकावरच्या प्रश्नपत्रिका या स्वच्छ लॅपटॉपवर उघडल्या, की मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. कृती देवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुरात साठवलेली असतात रोमन अक्षरेच. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी चित्रे काढतो. फॉन्ट नाही, की चित्रे नाहीत. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. ते जुने फॉन्ट नव्या लॅपटॉपवर टाकून वेळ मारून नेता येते. पण जुना संगणक चालू आहे तोवर त्या फाइली युनिकोडमध्ये उतरवून घेणे अधिक बरे.