'लूट' गेली लंडनला!

गेल्या महिन्यात पेठच्या एसटी स्टँडवर माझं पाकीट गेलं. नाशिकहून सावळघाटाची वळणं घेत पोचले, उतरताना ही झुंबड, आणि खाली पाय टेकवून पर्स चाचपते तर पाकीट गायब! घाबरून एडिटरला मेसेज टाकला, "आय वॉज स्टोलन!" दोन मिनिटांत रिप्लाय, "कोणी पळवलं तुला? खंडणी किती मागतायत?"

मास कॉमची डिग्री आणि हे इंग्लिश! गंमत म्हणजे मराठीत ही चूक आपण कधीच करत नाही. पाकीट 'चोरतात', माणसाला 'लुटतात'. इंग्लिशमध्येही नेमकं तसंच आहे. वस्तू असेल तर 'स्टील', माणूस किंवा बँक असेल तर 'रॉब'. स्टँडसमोरच्या चहावाल्या काकांना हा फरक पक्का ठाऊक होता. "चोरलं का लुटलं, ताई? म्हणजे कोणी दमबिम दिला का?" दम कोणी दिला नव्हता. चहाचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत.

मग आठवला तिसरा शब्द, 'लूट'. हा तर इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललाय. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा एक भला थोरला कोश १८८६ मध्ये निघाला. त्यात 'लूट'ची नोंद आहे. १७८८ च्या एका शब्दसंग्रहात तो आधीच छापला गेला होता, पण इंग्लंडमध्ये रुळला तो पुढे, १८४१ चं चीनमधलं युद्ध, क्रिमियाचं युद्ध आणि १८५७ चा उठाव या काळात. म्हणजे फौजा जिथे जिथे गेल्या, तिथून शब्द घरी आला. सामानासकट!

आणि १८५७ म्हटलं की पेठ आलंच. पेठ तेव्हा छोटं संस्थान होतं. त्या डिसेंबरमध्ये इथला डोंगराळ मुलूख उठला, हरसूलचा बाजार लुटला गेला. गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना साथीदारांसह फाशी झाली. सरकारच्या लेखी हे बंड आणि ही लूट.

ठीक आहे. पण मग त्याच वर्षी दिल्ली पडल्यावर गोऱ्या फौजेने घरं धुंडाळून माल गोळा केला, त्याला काय म्हणायचं? त्यासाठी चक्क अधिकारी नेमले होते, 'प्राइझ एजंट'. आपल्या नाशिकचा तो प्रसिद्ध हिरा घ्या. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला जाऊन विकला गेला. कागदोपत्री तोही 'प्राइझ'. शाळेत धावण्याच्या शर्यतीत मिळतं ना, तेच!

शब्द घेतला आमचा, आणि वापरायचा तोही आमच्यासाठीच. मला पाकिटापेक्षा याचाच राग जास्त आला. (पाकिटात तसेही तीनशेच रुपये होते.) आणि शब्द किती टोचतो ते आपल्याला ठाऊक आहेच. २०२४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत 'लुटली' म्हणायचं की नाही, यावरून केवढा वाद पेटला होता!

पण एक गोष्ट त्यांना नेता आली नाही. आपण दसऱ्याला सोनं लुटतो, सुट्टीची मजा लुटतो, आणि संक्रांतीला बायका वाण लुटतात, म्हणजे चक्क वाटतात! मागच्या दसऱ्याला ऑफिसातल्या चेन्नईच्या मित्राला मी इंग्लिशमध्ये सांगून टाकलं की आज आम्ही गोल्ड लूट करतो. बिचारा दचकला. मी त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि जपून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवून दिलं.