यंत्ररक्षणाची उमेदवारी
लेखांक सहावा : जिनिंगमधला पावसाळा

गतसप्ताही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे विवेचन करताना, लोखंडाचा ठोकळा कानशीने काटकोनात आणण्याची आणि व्हर्नियरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचण्याची जी कष्टसाध्य तालीम वर्णिली, तिची खरी कसोटी वर्धा जिल्ह्यातील तरुणाला पाहावयाची असेल, तर त्याने हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंग कारखान्यात उमेदवारी करावी.

तेथील डबल रोलर जिनचे मूलतत्त्व अमेरिकेत मॅकार्थी याने 1840 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राचेच आहे : चामड्याच्या चकत्यांचा खरखरीत रोलर तंतू ओढून घेतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडवते, आणि वरखाली हलणारी दुसरी सुरी ती झटकून टाकते. परंतु चामडे झिजते, रोलरचा व्यास घटतो, आणि काल अचूक असलेला सुरीचा दाब आज चुकीचा ठरतो. दाब वाढला की रोलर तापतो, तंतू दुखावतो आणि रुईच्या त्या कोरड्या राशीत आगीचे भय उभे राहते. दाब कमी पडला की पकड सुटून उत्पादन उतरते. ही मात्रा कोणत्याही पुस्तकातून हाती येत नाही. मुख्य स्विच बंद करून, थांबलेल्या रोलरवरून तळवा फिरवून, गुळगुळीत झालेला भाग ओळखून आणि बुजलेल्या खाचा पुन्हा पाडूनच ती अंगवळणी पडते.

हंगामात मात्र यासाठी उसंत नसते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रीघ लागली, की बिघडलेले यंत्र कसेबसे चालू करणे एवढेच फिटरचे काम उरते, आणि त्या धांदलीत दाखल झालेला उमेदवार केवळ पाने पुढे करावयास शिकतो. म्हणून माझे निश्चित मत असे, की उमेदवारी पावसाळ्याच्या तोंडी सुरू व्हावी. कारण कारखाना थंडावलेला असताना प्रत्येक जिन उकलला जातो, बेअरिंगे धुतली जातात, वंगण बदलते, आणि अनुभवी फिटरला प्रश्न विचारण्याइतकी सवड मिळते. मालकाला हे महिने विद्यावेतनाचा व्यर्थ खर्च वाटतात. परंतु शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 अन्वये होणारा लेखी करार हा मूलतः शिक्षणाचा करार आहे, आणि केंद्राच्या 2016 च्या योजनेनुसार विद्यावेतनाचा काही भार सरकारही उचलते.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेच्या वेळी, हस्तव्यवसाय शिकवताना प्रत्येक क्रियेचे कारणही समजावून द्यावे, असा गांधीजींचा आग्रह होता. तोच आग्रह कारखान्याच्या नोंदवहीत उतरावा : कोणता भाग बदलला एवढेच नव्हे, तर तो का झिजला हेही उमेदवाराने स्वहस्ते लिहावे आणि फिटरने तपासावे. अशी नोंद कशी ठेवावी, तिचा नमुना पुढील लेखांकात देऊ.