चार चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण गमतीने म्हणतो. ब्रिटनमध्ये सुतारकाम, नळदुरुस्ती, वीजजोडणी अशी कामे करणारे काही छोटे व्यावसायिक ते खरोखरीच पाठीवर घेऊन हिंडतात. दिवसा ज्या व्हॅनमध्ये हत्यारे, तिच्यातच रात्री अंथरूण. ब्रिस्टलसारख्या शहरात घरभाडे आवाक्याबाहेर गेल्याने असे राहणारे सहज नजरेस पडू लागले आहेत. यांतील अनेकांची इच्छा एवढीच असते, की रस्त्यावरच्या माणसाला ती व्हॅन कारागिराची वाटावी, राहती वाटू नये. वाहनाची निवड करताना म्हणूनच घर आणि दुकान यांची खरेदी एकदमच करावी लागते.

लक्ष वेधून न घेणारी गाडी कोणती? तर जी सगळीकडे दिसते ती. 1965 साली अवतरलेली फोर्ड ट्रान्झिट ही ब्रिटिश कारागिराची जणू ओळखच झाली आहे. पांढरा रंग, बाजूंना खिडक्या नाहीत, टपावर शिडी ठेवण्याची चौकट. अशी गाडी कोणाच्या लक्षातही राहात नाही. शिडीच्या आड सौरपट्टी आणि हवेचा झरोका दोन्ही झाकले जातात. चालकाच्या पाठीमागे बंद फळी असली, की आतला दिवा समोरच्या काचेतून दिसत नाही. याउलट बाजूला खिडकी कापली आणि तीवर पडदा लावला, की सगळे गुपित उघडे पडते.

मापांचा विचार मात्र फूटपट्टी हातात घेऊनच करावा लागतो. फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरची साध्या टपाची उंची सुमारे दोन मीटर. ती बहुमजली वाहनतळांच्या आडव्या दांड्याखालून बहुधा जाते. पण आत ताठ उभे राहता येत नाही, आणि वाकून स्वयंपाक करणे महिनाभरात नकोसे होते. फियाट ड्युकाटोची मध्यम टपाची आवृत्ती बाहेरून अडीच मीटरच्या आसपास असून आत सुमारे 1.9 मीटर उंची मिळते. तिच्या भिंती बऱ्याच सरळ असल्याने आतील रुंदी सर्वाधिक जागी सुमारे 1.87 मीटर भरते. साधारण उंचीच्या माणसाला आडवा पलंग पुरतो आणि वाचलेली लांबी हत्यारांच्या कपाटांना मिळते. ट्रान्झिट व मर्सिडीज स्प्रिंटर आतून याहून अरुंद असल्याने त्यांत पलंग बहुधा लांबीच्या दिशेने घालावा लागतो. स्प्रिंटरचे आपल्याशी दूरचे नातेही आहे. 1995 साली तिने मर्सिडीजच्या ज्या जुन्या व्हॅनची जागा घेतली, तिच्याच आधारावर 1987 पासून आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, आपली परिचित ट्रॅव्हलर काढली.

वजनाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. 1 जानेवारी 1997 नंतर मोटारीचा सामान्य परवाना मिळवलेल्या ब्रिटिश चालकाला डिझेल वा पेट्रोलवरील व्हॅन भारासह 3,500 किलोपर्यंतच चालवता येते. पलंग, कपाटे, बॅटऱ्या, शंभर लीटर पाणी आणि त्यावर लोखंडी हत्यारे. बेरीज पाहता पाहता फुगते. सुज्ञ मनुष्य भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घालतोच. थंडीतील ओल हा दुसरा शत्रू. श्वासाची वाफ गार पत्र्यावर साचते, पांघरूण दमट होते आणि पटाशीला गंज चढतो. भिंतींचे उष्णतारोधन, झरोका आणि बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा हीटर, शिवाय कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा, यांवरचा खर्च टाळू नये.

स्वस्त म्हणून घेतलेली जुनी डिझेल गाडी महागही पडते. 29 ऑगस्ट 2023 पासून लंडनचे अल्प-उत्सर्जन क्षेत्र संपूर्ण महानगरात लागू आहे. युरो 6 मानकात न बसणाऱ्या डिझेल व्हॅनला तेथे ज्या दिवशी फिरेल त्या प्रत्येक दिवशी 12.50 पौंड भरावे लागतात. आठवड्याचे पाच दिवस काम केल्यास 62.50 पौंड.

खरी कसोटी कागदपत्रांची. वाहन रात्री कोठे उभे असते आणि त्याचा वापर कशासाठी होतो, हे विमा कंपनी विचारते. शेजाऱ्यांना सांगण्याचे कारण नाही. विमा कंपनीला मात्र खरे उत्तर द्यावेच लागते. 2012 व 2015 या सालांच्या ब्रिटिश विमा कायद्यांनुसार चुकीच्या माहितीमुळे दावा कमी केला जाऊ शकतो किंवा पूर्ण नाकारलाही जाऊ शकतो. व्हॅन चोरीला गेली तर अशा माणसाचे घर, हत्यारे आणि रोजगार एकाच रात्री जातात, हे येथे ध्यानात घ्यावे. पत्त्याचाही प्रश्न असतोच. वाहनपरवाना, बँक खाते, कर यांना पत्ता लागतो. एखाद्या नातेवाइकाची लेखी संमती असल्याखेरीज हे जमवणे जिकिरीचे होते. आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते : मर्यादेपेक्षा अधिक मद्य घेऊन सार्वजनिक जागी उभ्या केलेल्या आपल्याच व्हॅनमध्ये झोपणे हासुद्धा 1988 च्या वाहतूक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. घरी बसून घेतलेला पेला आणि ‘घरी’ बसून घेतलेला पेला यांत कायदा असा भेद करतो.

आपल्याकडे मालवाहू वाहनाचे असे रूपांतर करू पाहणाऱ्याने मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 आधी वाचावे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून करता येत नाहीत. वाहन कर्जाऊ घेतले असेल, तर ते बँकेकडे तारण असते. अशा वेळी पहिली फळी ठोकण्यापूर्वी शाखेत जाऊन लेखी संमती घ्यावी आणि झालेला बदल विमापत्रातही नोंदवून घ्यावा.