टकळीची चकती आणि विणकराचा हात
प्राचीन वस्त्रसाधनांच्या प्रयोगनिष्ठ अभ्यासाविषयी

उत्खननात भांडी, मणी व हत्यारे विपुल मिळतात. कापड मात्र क्वचितच मिळते. दख्खनच्या हवेत कापूस व रेशीम मातीत टिकून राहत नाहीत. डेक्कन कॉलेजने १९५४ पासून नेवासे येथे केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या क्षारांमुळे तिच्यातील दोऱ्याचे अंश शिल्लक राहिले होते. मोहेंजोदडो येथील कापसाची परीक्षा १९२८ मध्ये टर्नर यांच्यासह ज्यांनी माटुंग्याच्या प्रयोगशाळेत केली, त्याच ए. एन्. गुलाटी यांनी हाही दोरा तपासला. त्यात रेशमाचे व कापसाचे तंतू असल्याचे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. हा योग अपवादात्मक होय. एरवी वस्त्रोद्योगाचा पुरावा म्हणून संशोधकाच्या हाती उरते ती टकळीची मातीची चकती.

ही चकती म्हणजे मधोमध भोक असलेली भाजक्या मातीची वा घासून गोल केलेल्या खापरीची वर्तुळाकार वस्तू. तिचे वजन व व्यास मोजून तक्त्यात नोंदविले, की तिचा अभ्यास संपला असे पुष्कळदा मानले जाते. परंतु या चकतीने कोणते सूत निघत होते, हा मूळ प्रश्न तक्त्याने सुटत नाही. किंबहुना ती खरोखर टकळीची चकती, की मणी अथवा खेळण्यातील चाक, याचाही निर्णय केवळ आकारावरून होत नाही. त्यासाठी तिची हुबेहूब प्रतिकृती करून तिच्यावर सूत कातून पाहावे लागते.

यामागील यांत्रिक तत्त्व सोपे आहे. भरीव चकतीचे जडत्व तिच्या वजनाच्या प्रमाणात, पण त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून समान वजनाच्या दोन चकत्यांपैकी एकीचा व्यास २ सेंटिमीटर व दुसरीचा ४ सेंटिमीटर असल्यास दुसरीचे जडत्व चौपट भरते. ती सावकाश पण दीर्घकाळ फिरते. लहान चकती वेगाने फिरून थोड्या वेळात पुष्कळ पीळ देते. देशी कापसाचा तंतू आखूड असल्याने त्याला असा जलद पीळ लागतो. जड टकळी अधांतरी सोडल्यास पीळ बसण्यापूर्वीच तो निसटतो. म्हणूनच कापसासाठी हलकी टकळी, तिचे टोक वाटीत किंवा करवंटीत टेकवून, फिरविणे सोयीचे ठरते.

कोपनहेगन विद्यापीठात २००५ साली स्थापन झालेल्या वस्त्रसंशोधन केंद्राने ही पद्धती काटेकोर केली. ८ व १८ ग्रॅम अशा ठरावीक वजनाच्या चकत्यांच्या प्रतिकृती अनुभवी कातणाऱ्यांकडून चालवून घेण्यात आल्या. चकती हलकी तसे सूत बारीक, हा संबंध त्यांतून स्पष्ट झाला. मात्र ते प्रयोग मुख्यत्वे लोकर व जवसाच्या तंतूंवरील असल्याने त्यांचे आकडे दख्खनच्या कापसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

अशा प्रयोगांचे महत्त्व एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. ४ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि दर सेंटिमीटरला उभे-आडवे दहा-दहा धागे असलेल्या कापडास ताण्यासाठी ४,००० व बाण्यासाठी ४,००० मीटर, म्हणजे एकूण ८,००० मीटर सूत लागते. कातण्याचा वेग ताशी ४० मीटर गृहीत धरल्यास नुसत्या कताईस २०० तास, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे २५ दिवस लागतात. उलटपक्षी, भिवंडीतील साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा फेकत असल्याने या कापडातील ४,००० आडवे धागे पाऊण तासाच्या आत घालतो. प्राचीन वस्त्राचे मोल मुख्यतः सुतात होते, हे या तुलनेने उघड होते.

भिवंडीचा उल्लेख केवळ तुलनेपुरता नाही. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग चालविले व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रमाग आले. लोखंडी यंत्रमाग हा ताम्रपाषाणयुगीन मागाचा वंशज समजणे चुकीचे होईल. तथापि ताण्याला खळ कितपत हवी, ताण किती सोसतो, तार कोठे व का तुटतो, कांडी कशी भरावी, याचे ज्ञान धोट्याच्या मागावरील कामगाराच्या बोटांत असते. प्रयोगासाठी कातलेले सूत ताण्याला उतरेल की नाही, हे तो हाताने चाचपून सांगू शकतो. प्रयोगशाळेतील ताणमापनाला हा निर्णय पर्याय नव्हे, पण त्याचा पडताळा खास होय.

याबाबत दोन पथ्ये आवश्यक आहेत. पहिले, प्रयोगाने शक्यता सिद्ध होते. प्रत्यक्षात तसेच घडले होते, हे सिद्ध होत नाही. दुसरे, नवख्याच्या हातून तुटलेले सूत हा साधनाचा दोष नव्हे. कातणाऱ्याचा सराव, कापसाची जात, तासाला तुटलेल्या धाग्यांची संख्या व दर सेंटिमीटरचे पीळ यांची नोंद नसल्यास प्रयोग निरर्थक ठरतो.

गेल्या काही वर्षांत भिवंडीतील धोट्याचे माग मोठ्या संख्येने भंगारात निघाले आहेत. वस्तुसंग्रहालयात माग ठेवता येतो. तो चालविणारा हात ठेवता येत नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या चकतीला अजून मातीत थांबता येईल. विणकराच्या ज्ञानाची नोंद मात्र तो मागावर उभा आहे तोवरच व्हावयास हवी.