जिवाणूंचे आवरण आणि उंदराची भक्षक पेशी

विषमज्वर, पटकी यांसारखे रोग उत्पन्न करणाऱ्या ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवर आणखी एक बाह्य पटल असते आणि त्यात मेद व शर्करा यांच्या संयोगातून बनलेला लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ असतो. जिवाणू मेले तरी त्यांच्या देहातील विष प्राण्यांचा जीव घेऊ शकते, असे रिचर्ड फायफर यांना १८९२ च्या सुमारास पटकीच्या जिवाणूंवर संशोधन करताना आढळले होते. ते विष म्हणजे मुख्यतः हाच पदार्थ, हे पुढे सिद्ध झाले.

उंदराच्या शरीरात हा पदार्थ शिरला, की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी, त्यास टीएलआर-४ या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाच्या साहाय्याने ओळखतात. त्यानंतर पेशीत संकेतांची मालिका सुरू होऊन अनेक जनुके कार्यान्वित होतात आणि टीएनएफसारखी दाह घडवणारी प्रथिने बाहेर पडतात. दाह मर्यादेत राहिला तर जंतूंचा नाश होतो; तो अनावर झाला तर रक्तदाब घसरून प्राणी दगावतो.

सी३एच/एचईजे या वाणाचे उंदीर मात्र इतर उंदरांना मारक ठरणारी लिपोपॉलिसॅकराइडची मात्रा सहज पचवतात. ब्रूस ब्यूटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या सहनशीलतेचे मूळ शोधले, तेव्हा टीएलआर-४ प्रथिनातील ७१२ व्या स्थानी प्रोलिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आले असून, एवढ्याच बदलाने ग्राही निकामी झाल्याचे दिसले. या कार्यासाठी ब्यूटलर २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. तथापि विषाला दाद न देणारे हेच उंदीर जिवंत साल्मोनेला जिवाणूंच्या अत्यल्प संख्येलाही बळी पडतात, कारण शत्रूची चाहूलच त्यांच्या पेशींना वेळेवर लागत नाही.

पेशीभित्तिकेचा मूळ सांगाडा असलेल्या पेप्टिडोग्लायकनचे तुकडेही असाच इशारा देतात. त्यांपैकी म्युरॅमिल डायपेप्टाइड हा लहानसा अंश पेशीच्या आतील नॉड-२ हे प्रथिन ओळखते. लिपोपॉलिसॅकराइडमधील मेदयुक्त भाग सौम्य करून बनवलेले एमपीएल हे द्रव्य आज मानवी पॅपिलोमा विषाणूवरील एका लसीत प्रतिसाद वाढवण्यासाठी वापरले जाते. म्हणूनच या प्रतिसादाचा समूळ बीमोड न करता त्याची मात्रा नेमकी राखणे, हेच उपचाराचे आणि लसनिर्मितीचे ध्येय असले पाहिजे, असे या उंदरांवरील संशोधनातून निष्पन्न होते.