कॉमिकचं ‘१:१००’ व्हेरियंट: दुर्मिळ किती, महाग किती आणि विकायला किती सोपं?

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मधला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. तो लिहितो, “दादा, नोकरी लागून दीड वर्ष झालं, ऐंशी हजार साठलेत. मावसभाऊ अमेरिकेतून येतोय. स्पायडर-मॅनचं एक १:१०० व्हेरियंट, ग्रेड ९.८, मागवू का? दोन वर्षांत डबल होईल असं एका रीलमध्ये बघितलं.”

मित्रा, तुला ‘घे’ किंवा ‘नको घेऊ’ एवढंच सांगितलं तर एपिसोड दोन मिनिटांत संपेल. त्यापेक्षा १:१०० म्हणजे काय, ९.८ म्हणजे काय आणि विकताना हातात किती पडतं, हे तिन्ही बघू. मग तुझं तूच ठरवशील. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, सध्या मुक्काम न्यू जर्सी, आणि घरी कॉमिकचे दोन लांब खोके आहेत. थोडं विकलंय, बरंच जपलंय.

पाच सेंटचा फरक

आधी एक जुनी गोष्ट. १९७७ साली मार्वलने ‘स्टार वॉर्स’चं कॉमिक काढलं. पहिला अंक सिनेमा थिएटरला लागायच्या आधीच दुकानात आला होता. किंमत ३० सेंट. पण त्याच सुमारास मार्वलला किंमत ३५ सेंट करायची होती. लोक घेतील का, हे बघायला त्यांनी मोजक्या भागांत काही प्रती ३५ सेंट छापून पाठवल्या. आत गोष्ट तीच, चित्रं तीच, कव्हर तेच. फरक फक्त कोपऱ्यातल्या किमतीचा.

आज ३० सेंटवाली साधी प्रत बऱ्यापैकी सहज मिळते. ३५ सेंटवाली चांगल्या अवस्थेत सापडली, तर तिच्यासाठी लोक साध्या प्रतीच्या कित्येक पट मोजतात. का? कारण ती कमी छापली गेली आणि मुख्य म्हणजे ती वेगळी आहे हे तेव्हा कुणाला कळलंच नाही. पोरांनी ती वाचली, दुमडली, खिशात कोंबली, रद्दीत दिली. या किमतीच्या व्हेरियंटकडे संग्राहकांचं नीट लक्ष गेलं ते १९९० च्या दशकात. तोवर बहुतेक प्रती संपल्या होत्या.

यात एक मेख आहे. ‘स्टार वॉर्स १’च्या नंतरच्या पुनर्मुद्रणांवरही ३५ सेंट लिहिलेलं असतं. खऱ्या व्हेरियंटवर किंमत चौकोनात असते आणि खाली बारकोडच्या रेघा असतात. किंमत चौकटच्या पानासारख्या आकारात असेल किंवा बारकोडची जागा मोकळी असेल, तर ते पुनर्मुद्रण. या एवढ्याशा फरकावर लोक फसतात.

आता ‘१:१००’ म्हणजे काय?

३५ सेंटची प्रत अपघाताने दुर्मिळ झाली. १:१०० मात्र दुर्मिळ व्हावी म्हणूनच छापलेली असते. अमेरिकेत कॉमिकचं दुकान प्रकाशकाकडून माल साधारणपणे न परतीच्या बोलीवर घेतं. विकला गेला नाही तर दुकानदाराच्या गळ्यात. म्हणून दुकानदार हात राखून ऑर्डर देतो. त्याने जास्त घ्यावं यासाठी प्रकाशक आमिष दाखवतो: साध्या कव्हरच्या शंभर प्रती घेतल्यास, तर वेगळ्या कव्हरची एक प्रत घ्यायला मिळेल. हे झालं १:१००. असंच १:२५, १:५० वगैरे.

आता नीट बघा. १:१०० हा दुकानदारासाठीचा नियम आहे. एकूण प्रती किती छापल्या, हे तो आकडा सांगत नाही. समजा साध्या कव्हरच्या ५०,००० प्रती गेल्या. सरळ भागाकार केला तर व्हेरियंट ५००. पण ज्या दुकानाने चाळीसच प्रती घेतल्या, त्याला एकही व्हेरियंट मिळत नाही, म्हणजे आकडा ५०० च्या खाली येतो. उलट, वाटेत खराब झालेल्या प्रती बदलून द्यायला प्रकाशक थोड्या जास्तही छापतो. खरा आकडा बहुतेक वेळा जाहीर होत नाही. त्यामुळे ‘जगात फक्त इतक्याच’ असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर विचारा, कुठून आणलास हा आकडा?

२०११ ची दोन उदाहरणं घेऊ. पहिलं, ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ ६६७, गॅब्रिएले डेलोट्टोचं १:१०० कव्हर. फार थोड्या दुकानांनी एवढी मोठी ऑर्डर दिली असावी, कारण पुढे प्रती सहज सापडेनात. चित्रही लोकांना प्रचंड आवडलं, आणि आज ती हजारो डॉलरला जाते. दुसरं, ‘अल्टिमेट फॉलआउट’ ४, मार्को ज्युर्जेविचचं १:२५ कव्हर. गुणोत्तर बघाल तर हे कमी दुर्मिळ. पण हाच अंक माइल्स मोरालेसचा पहिला अंक निघाला. २०१८ मध्ये ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’ आला, माइल्स घराघरात पोचला आणि हे १:२५ सुद्धा हजारोंत गेलं.

आणि त्याच दशकात अशी कितीतरी १:१०० कव्हर आली, जी आज स्वस्तात टाकली तरी कुणी उचलत नाही. दुर्मिळ आहेत, पण हवीत कुणाला? भाव मागणीमुळे चढतो. कमी प्रती असणं ही फक्त अर्धी अट झाली.

सगळेच जपून ठेवायला लागले की काय होतं, तेही बघा. १९९१ चा ‘एक्स-मेन १’. पाच वेगवेगळी कव्हर, ८० लाखांहून जास्त प्रती, गिनीज विक्रम. लोकांनी पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून चार-चार प्रती प्लास्टिकमध्ये घालून ठेवल्या. आज तो अंक अमेरिकेत काही डॉलरला मिळतो. पुढच्या काही वर्षांत तो सगळा फुगा फुटला, अनेक दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्वलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

९.८ चं कोडं

कॉमिकची अवस्था ०.५ ते १०.० अशा मापात मोजतात. सीजीसी नावाची कंपनी २००० सालापासून हे काम करते. तुम्ही अंक पाठवता, ते तपासतात, जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद करतात आणि वर ग्रेडचं लेबल लावतात. या बंद अंकाला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात, आणि उघड्या अंकाला ‘रॉ’.

लेबलचा रंग बघायला शिका. निळं म्हणजे साधं, पिवळं म्हणजे त्यांच्या साक्षीदारासमोर घेतलेली सही, जांभळं म्हणजे डागडुजी केलेला अंक: रंग भरलाय, कडा कापल्यात असं काहीतरी. जांभळं लेबल स्वस्त दिसलं म्हणून उड्या मारू नका.

९.८ आणि ९.६ यांतला फरक काय? कण्यावर एखादी बारीक रेघ जिथे शाई तुटून पांढरं दिसतंय, किंवा एखादा कोपरा किंचित बोथट. मोबाइलच्या फोटोत हे दिसतही नाही. नुसता दाब पडून आलेली वळी ‘प्रेसिंग’ने निघते, म्हणजे ओलावा, उष्णता आणि वजन वापरून अंक सपाट करणं. सीजीसी याला डागडुजी मानत नाही. पण शाई तुटलेली असेल तर प्रेसिंगने काही होत नाही.

कोडं असं की, जुन्या अंकात ९.८ खरोखर विरळ. २०२१ मध्ये स्पायडर-मॅनच्या पहिल्या दर्शनाचा अंक, १९६२ चा ‘अमेझिंग फँटसी १५’, लिलावात ३६ लाख डॉलरला गेला. तो ९.६ होता, त्याच्या वरच्या ग्रेडची एकही प्रत तेव्हा सीजीसीच्या नोंदीत नव्हती. आजचं १:१०० मात्र खोक्यातून निघतं, थेट मऊ पिशवीत जातं, तिथून ग्रेडिंगला. वाचतो कोण? त्यामुळे नव्या व्हेरियंटमध्ये ९.८ ही नेहमीची ग्रेड झालीय. म्हणजे तुमच्या हातात दुर्मिळ कव्हर असेलही, पण दुर्मिळ ग्रेड असेलच असं नाही. विकणारा मात्र दोन्हीचे पैसे लावतो.

सीजीसीची ‘सेन्सस’ नावाची यादी असते, कुठल्या अंकाच्या कुठल्या ग्रेडच्या किती प्रती नोंदल्या गेल्या ते त्यात दिसतं. जरूर बघा, पण अंतिम सत्य समजू नका. लोकांच्या खोक्यांत पडलेल्या रॉ प्रती त्यात नसतात. आणि कुणी स्लॅब फोडून तोच अंक पुन्हा पाठवला, जुनं लेबल परत केलं नाही, तर एकच अंक दोनदा मोजला जातो.

स्लॅब म्हणजे तिजोरीही नाही. २०२३ च्या शेवटी उघड झालं की कुणीतरी स्लॅब उघडून आतला चांगला अंक काढत होतं, जागी हलका अंक घालत होतं आणि नवीन केसमध्ये बंद करून घेत होतं. सीजीसीने मग संशयित नंबरांची यादी जाहीर केली. म्हणून घेण्याआधी लेबलवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाका, फोटो असेल तर तो जुळतोय का बघा आणि लेबलवर ९.८ असलं तरी कणा डोळ्यांनी तपासा.

विकताना हातात काय पडतं?

आता माझा आवडता भाग, गणित. आकडे सोपे धरलेत, समजण्यापुरते.

समजा रॉ व्हेरियंट ६० डॉलरला घेतलं. प्रेसिंग, ग्रेडिंग, जायचं-यायचं पार्सल मिळून अजून ६०. एकूण १२०. बाजारात ९.८ जातं २०० ला, ९.६ जातं १०० ला. विकणाऱ्या साइटचं कमिशन १३ टक्के धरू आणि पाठवायचा खर्च १४ डॉलर.

९.८ आलं: २०० वजा २६ वजा १४, हातात १६०. नफा ४०.
९.६ आलं: १०० वजा १३ वजा १४, हातात ७३. तोटा ४७.

म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायलाच ९.८ येण्याची शक्यता ५४ टक्के हवी. दोनातला एक अंक ९.६ आला की तुम्ही तोट्यात. त्यात अंक कधीकधी महिनोन्महिने ग्रेडिंगच्या रांगेत असतो आणि तेवढ्यात भाव उतरू शकतो. कोविडच्या काळात कॉमिकचे भाव भराभर चढले. २०२२ पासून अनेक नव्या व्हेरियंटचे तितक्याच वेगाने उतरले. रील बनवणारे २०२१ चा आलेख दाखवतात.

भाव बघताना ईबेवर ‘विकल्या गेलेल्या’ वस्तूंचा फिल्टर लावा. कुणी हजार डॉलर मागतोय याला अर्थ नाही, कुणी दिले का ते बघा. जीपीए आणि गोकलेक्ट या साइटवर प्रत्यक्ष विक्रीच्या नोंदी मिळतात. एकच विक्री बघून भाव ठरवू नका. निदान पाच-सहा बघा, आणि शेवटची कधी झाली तेही.

मी गेल्या वर्षी माझ्याकडचा सगळ्यात चांगला स्लॅब विकला, बीटेकच्या कर्जाचे शेवटचे हप्ते एकदम फेडायला. भाव ठीक मिळाला. पण जाहिरात टाकल्यापासून पैसे बँकेत यायला सात आठवडे लागले. दोघांनी घासाघीस करून माघार घेतली, तिसऱ्याने घेतला. अडीअडचणीला उद्या पैसे लागणार असतील, तर स्लॅब कामाला येत नाही. घरी बाबांना दवाखान्यात न्यायचं असेल, तर बिलिंग काउंटरवर ९.८ दाखवून भागत नाही.

मग ऐंशी हजारांचं काय?

मित्रा, माझं मत सांगतो. तुझी ही एकुलती एक बचत असेल, तर त्यातून एकही स्लॅब घेऊ नकोस. आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढ. त्यानंतर छंदासाठी जे उरेल ते तुझं. माझा स्वतःचा नियम असा की, वर्षभरात कॉमिकवर एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त खर्च करायचा नाही.

आणि घेतलंसच, तर घेणारा भारतात कोण आहे याचाही विचार कर. मोठा बाजार अमेरिकेत आहे. विकायला तो स्लॅब परत तिकडेच पाठवावा लागेल, आणि जाता-येता प्लास्टिकला तडा जाण्याची भीती आहेच. शिवाय स्लॅब हवाबंद नसतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात बुरशी धरते, तिथे कागदाचं काय होत असेल? भिंतीला टेकवून ठेवू नकोस, उन्हात तर अजिबात नको, आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा.

सुरुवातच करायची असेल, तर आधी घरातला माळा बघा. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ केलं, चार अंक, मुंबईचा पवित्र प्रभाकर. २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मुळे तो जगभर पोचला. तेव्हाची भारतात छापलेली प्रत कुणाच्या दादाच्या जुन्या दप्तरात असू शकते. ९.८ असेल अशी आशा नको, बहुधा कव्हरवर पेनने नाव लिहिलेलं असेल. पण रद्दीवाल्याला द्यायच्या आधी एकदा बघा, आणि सापडली तर आधी वाचून काढा.

तुमच्याकडे काही जुना अंक असेल, तर चार कोपऱ्यांचा आणि कण्याचा फोटो मेसेजमध्ये पाठवा, उजेडात काढलेला. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले काही घेऊन ग्रेड कशी अंदाजायची ते करून बघू. चला, भेटू!